लोहारी भट्टीला स्वस्तातला वारा

वऱ्हाडात घरच्या घरी लहानशी भट्टी मांडायची म्हटली तर बहुतेक सामान जमून जातं. ऐरणीच्या जागी जाड लोखंडी ठोकळा चालतो, हातोडे घरात असतात, सांडशी जुन्या बाजारात मिळते, बाभळीचा कोळसा मिळतो. गाडी अडते ती वाऱ्यापाशी. कोळसा पेटतो, लोखंड तांबूस होतं आणि तिथेच थांबतं. मग माणूस बाजारातला मोठ्यात मोठा पंखा उचलून आणतो, भट्टीखाली लावतो, आणि आग आहे तिथेच राहते. फक्त राख अंगणभर होते.

वखराची पास, डवऱ्याचं पातं, विळे, खुरपी, कुऱ्हाड एवढ्या वस्तू घरी तापवून ठोकता याव्यात, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही कृती आहे. भट्टीचं बाकी बांधकाम थोडक्यात सांगतो. भर वाऱ्याच्या सोयीवर देतो, कारण पैसे तिथेच वाया जातात आणि वाचतातही तिथेच.

आधी हिशेब

एक किलो लाकडी कोळसा पुरता जळायला साधारण 9 घनमीटर हवा लागते. घरच्या लहान भट्टीत तासाला दोन-अडीच किलो कोळसा जळतो. म्हणजे तासाला 20 ते 25 घनमीटर हवा पुरे. आता अकोल्या-अमरावतीच्या घराघरांत असलेला मोठा पत्र्याचा कूलर घ्या. तो तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा फेकतो. गरजेच्या शंभर-दीडशे पट हवा, तरीही कूलरच्या पंख्यावर भट्टी चालत नाही.

कारण भट्टीला नुसती हवा चालत नाही, दाबाची हवा लागते. अरुंद नळीतून आणि पाच-सहा इंच कोळशाच्या थरातून वारा रेटून वर काढायचा असतो. कूलर, टेबल फॅन, एक्झॉस्ट फॅन, कॉम्प्युटरचा चौकोनी पंखा हे सगळे उघड्या पात्यांचे. समोर मोकळी जागा असेल तोवर ते भरपूर वारा देतात, तोंड आवळलं की वारा पात्यांच्या कडेने मागे फिरतो. दाब देतो तो कवचीचा ब्लोअर. त्यात हवा मधल्या भोकातून आत येते, आतली फिरकी तिला कडेला फेकते आणि शंखासारखी वाढत गेलेली कवची तिला एका तोंडाशी आणून सोडते.

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अकोला, खामगाव, धामणगाव, अमरावती या पट्ट्यातल्या जिनिंगांत कापूस पाइपातून ओढून नेतात तो असल्याच कवचीच्या पंख्यांनी. ते पंखे आपल्याला फार मोठे पडतात, पण त्यांची बांधणी एकदा नीट पाहून या. बाजारात काय शोधायचं ते डोळ्यांत बसेल. त्यांच्या फिरक्या दुरुस्त करणारा, तोल काढून देणारा फिटर ओळखीचा झाला तर पुढे फार उपयोगी पडतो.

दाब मोजायची नळी

खरेदीला निघण्यापूर्वी हे एक साधन करून ठेवा. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी मीटर-दीड मीटर घ्या. ती यू आकारात एका फळीवर तारेने बांधा, अर्धी भरेल एवढं पाणी घाला आणि मागे मोजपट्टी चिकटवा. पाण्यात चिमूटभर हळद टाकली की पातळी चटकन दिसते.

ब्लोअरच्या तोंडावर पुठ्ठा घट्ट धरा. पुठ्ठ्याला पेन्सिलएवढं भोक पाडून त्यात नळीचं एक टोक खोचा आणि ब्लोअर सुरू करा. एका बाजूचं पाणी खाली जाईल, दुसरीकडचं चढेल. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे तुमचा दाब. 25 मिलिमीटर भरला तर लाकडी कोळशाची लहान भट्टी चालते. 40 ते 50 भरला तर दगडी कोळशालाही पुरतो. कॉम्प्युटरचा पंखा चार-पाच मिलिमीटरच्या वर क्वचित जातो. व्हॅक्युम क्लिनर या नळीतलं पाणी बाहेर उडवून देईल, कारण त्याचा दाब मीटर-दीड मीटर पाण्याइतका असतो. पाच मिनिटांची ही तपासणी दुकानदाराच्या तोंडी खात्रीपेक्षा भरवशाची आहे.

काय शोधायचं, कुठे शोधायचं

पहिला मान हाताने फिरवायच्या ओतीव ब्लोअरला. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारे गाडीलोहार आणि घिसाडी यांच्याकडे तो पाहायला मिळतो. चामड्याचा भाता मागे पडला तेव्हा त्याची जागा याने घेतली. मोठं चाक, हँडल, आणि पट्ट्याने किंवा दातेरी चक्रांनी जोडलेली लहान फिरकी. वीज नको, आणि वारा हाताच्या हुकमात राहतो. हात थांबला की वारा थांबतो, त्यामुळे कोळसाही कमी लागतो. नवशिक्याने या ब्लोअरवरच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण आगीला कधी किती वारा हवा हे यावर जसं कळतं तसं बटणावर कळत नाही.

जुना हातब्लोअर घेताना तीन गोष्टी पाहा. हँडल जोरात फिरवून सोडून द्या. फिरकी काही सेकंद आपल्या नादात फिरत राहिली पाहिजे, लगेच थांबली तर बेअरिंग गेलेलं आहे. कान लावा, पातं कवचीला घासत असेल तर खरखर ऐकू येते. आणि हँडल मागेपुढे हलवून दातेरी चक्रांतली ढिलाई बघा. थोडी चालते, पाव फेरा मोकळा जात असेल तर सोडा. तेलाचं भोक मातीने बुजलेलं असतंच, त्यावरून भाव पाडता येतो. अशा वस्तू गावोगावच्या आठवडी बाजारात लोखंडी सामान मांडून बसणाऱ्यांकडे चौकशी केली तर निघतात. लोहाराकडे सरळ विचारावं: "मामा, जुना पंखा पडून आहे का एखादा?" त्यांनी विजेचा ब्लोअर घेतलेला असेल तर हाताचा कोपऱ्यात पडलेला असतो. मात्र त्यांचा चालता पंखा मागू नका. त्यावर त्यांचं पोट आहे.

दुसरा पर्याय, हॉटेलवाल्यांचा भट्टी ब्लोअर. कचोरी-भज्यांच्या कढईखाली जो घरघर करत असतो तोच. हार्डवेअरच्या दुकानात तोंडाच्या मापावर विकतात, दोन इंची, तीन इंची असा. आपल्याला दोन इंची भरपूर झाला. मोटरीच्या पाटीवर 2800 फेरे असले की दाबाची चिंता नाही. नवा घेतला तर हजार-दोन हजारांच्या आसपास बजेट धरावं. बंद पडलेल्या हॉटेलचं सामान निघतं तेव्हा याहून बरंच स्वस्त पडतं. ज्याला खटपट नको त्याने हाच घ्यावा आणि पुढे सरकावं.

तिसरा, मोटारगाडीचा ब्लोअर. मारुती 800, ओम्नी अशा गाड्या भंगारात निघतात तेव्हा डॅशबोर्डखालचा हीटरचा किंवा एसीचा ब्लोअर शाबूत असतो. ड्रमसारखी बारीक पात्यांची फिरकी, 12 व्होल्टची मोटर. घेताना तिची प्लॅस्टिकची कवचीही मागून घ्या, नुसती मोटर आणि फिरकी घेतली तर कवची करत बसावी लागते. वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टन्सही सोबत घ्या. हा ब्लोअर पूर्ण वेगात 5 ते 10 अँपिअर ओढतो. त्याला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जोडता येतो. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की सप्लाय सुरू होतो, मग पिवळी तार 12 व्होल्ट देते आणि काळी परतीची.

वीज कधी येईल याचा भरवसा नसलेल्या शेतात हाच ब्लोअर कामाला येतो. बॅटरीवरच्या फवारणी पंपात बहुधा 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासाची बॅटरी असते. ब्लोअर कमी वेगावर अडीच अँपिअर ओढत असेल तर हिशेबाने तीन तास, प्रत्यक्षात दोन-सव्वादोन तास काम होतं. रोही-डुकरांसाठी झटका मशीन लावलेली असेल तर तिचीही बॅटरी 12 व्होल्टचीच, पण ती रात्री पिकाच्या राखणीला लागते. तिच्यावर भट्टी चालवू नये.

पाठीवरच्या पेट्रोल फवारणी यंत्राचा ब्लोअर मात्र भट्टीला लावू नका. संत्र्याच्या बागांच्या भागात ही जुनी यंत्रं मिळतात आणि स्वस्तही असतात. पण त्याच्या पाइपात, कवचीत, पात्यांवर औषधाचा थर बसलेला असतो. तापलेल्या भट्टीतून तो धुरासारखा तोंडावर येणार. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, ते आपल्या शेजारीच घडलं. शे-दोनशे रुपये वाचवायला ही जोखीम घेऊ नये.

बाकीचे पर्याय भरभर सांगतो. गॅरेजवाले धूळ उडवायला वापरतात तो हातातला ब्लोअर दाब भरपूर देतो, पण आवाज कानठळ्या बसवणारा आणि सलग चालवला तर मोटर तापते. त्याचं तोंड आवळू नये, पाइपाला फाटा काढून जादा वारा बाहेर सोडावा. व्हॅक्युम क्लिनरचंही तसंच. हेअर ड्रायर अगदी लहान, सुरी-खुरप्याच्या भट्टीला चालतो, पण थंड हवेच्या बटणावरच चालवा. आतली तार कापून टाकायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नये. बऱ्याच ड्रायरांत छोटी मोटर कमी व्होल्टची असते आणि तापणाऱ्या तारेतूनच तिला वीज उतरून मिळते. तार कापली की एक तर मोटर बंद पडते, नाही तर जळते. मिक्सरच्या मोटरीवर घरी केलेली फिरकी बसवणं तर धोक्याचंच. ती मोटर मिनिटाला पंधरा-अठरा हजार फेरे घेते. पत्र्याची फिरकी त्या वेगात फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. उफणणीच्या हाती पंख्याची पाती उघडी असल्याने पंखा म्हणून कामाचा नाही. त्याची दातेरी चक्रं मात्र चांगली, ती काढून ठेवा.

कूलरची मोटर, नवी फिरकी

आपल्या भागात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मुबलक मिळणारी वस्तू म्हणजे कूलरची मोटर. पंखा निरुपयोगी आहे, पण मोटर उत्तम आहे. तिच्यावर कवचीची फिरकी बसवली की भट्टीचा ब्लोअर तयार. मला हाच मार्ग सगळ्यांत आवडतो, कारण यातला प्रत्येक भाग आपल्याला दुरुस्त करता येतो.

खरेदीची वेळ साधा. मे महिन्यात पारा 45च्या वर असताना भंगारवाला कूलरच्या मोटरीचा भाव खाली आणणार नाही. पावसाळा लागला, गंजलेले कूलर बाहेर निघायला लागले की जा. आषाढ-श्रावणात या मोटरी ढिगाने येतात. भंगारात मोटरीचा भाव आतल्या तांब्यावर ठरतो. ॲल्युमिनियमच्या वायंडिंगची मोटर स्वस्त पडते आणि आपल्या कामाला तीही चालते.

पाटीवर 1400 फेरे लिहिलेली घ्या, 900ची नको. दांडा हाताने वरखाली हलवून बघा. लचकत असेल तर बुश झिजलेलं आहे. वास घ्या, जळकट वास येत असेल तर ठेवून द्या. मग म्हणा, "भाऊ, सिरीजवर लावून दाखवा." बहुतेक मोटरवाल्यांकडे बल्बचा सिरीज बोर्ड असतो. एक तार मोटरीच्या बॉडीला आणि दुसरी वायंडिंगच्या तारेला लावली असता बल्ब मंदही पेटता कामा नये. पेटला तर करंट बॉडीत उतरतोय, ती मोटर फुकट दिली तरी घेऊ नका. मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर फिरायला लागते, अशी असेल तर बहुधा फक्त कंडेन्सर गेलेला असतो. ही मोटर कमी भावात घ्या, कंडेन्सर थोडक्या पैशात येतो.

आता फिरकी. 18 गेजच्या पत्र्यातून 280 मिलिमीटर व्यासाची गोल चकती कापा. कूलरच्या जुन्या पंख्याचा मधला भाग, ज्यात दांडा जातो आणि बाजूने स्क्रू आवळतो, तो पाती काढून जपून ठेवा. चकतीच्या बरोबर मध्यावर तो चार बोल्टने बसवा. हे केंद्र चुकलं तर पुढचं सगळं थरथरतं, म्हणून चकती कापण्याआधीच कंपासच्या खुणेवर पंच मारून ठेवा. चकतीवर आठ पाती उभी करायची. प्रत्येक पातं 50 मिलिमीटर उंच, 80 मिलिमीटर लांब, खाली 12 मिलिमीटरची पट्टी काटकोनात दुमडून दोन रिबिट. पाती मध्याकडून काठाकडे सरळ, आऱ्यांसारखी लावा. वाकडी पाती जास्त गुणाची असतात हे खरं, पण सरळ पात्यांत राख-धूळ अडकत नाही आणि घरी करायला तीच सोपी.

तोल काढायला चकती सुट्या दांड्यावर चढवून दांडा दोन समांतर पट्ट्यांवर आडवा ठेवा. जड बाजू आपोआप खाली येईल. तिच्या समोरच्या बाजूला काठाजवळ वॉशर बोल्टने आवळा. चकती कशीही फिरवून सोडली तरी हवी तिथे थांबायला लागली की तोल झाला. या कामाला तासभर लागला तरी देऊन टाका, मोटरीचं आयुष्य यावर आहे.

कवचीला दोन फळ्या, 12 मिलिमीटर प्लायच्या. एका फळीवर केंद्र धरून सर्पिल काढा: सुरुवातीला केंद्रापासून 152 मिलिमीटर, पाव फेऱ्यावर 166, अर्ध्यावर 180, पाऊण फेऱ्यावर 194, पुऱ्या फेऱ्यावर 208. हे बिंदू हाताने गोलाईत जोडले तरी चालतं. त्या रेषेवर 70 मिलिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी उभी फिरवा आणि जिथे सर्पिल पूर्ण होतं तिथून सरळ बाहेर काढून तोंड करा. मोटर एका फळीच्या बाहेर, दांडा आत. समोरच्या फळीला मध्यावर 100 मिलिमीटरचं भोक, त्यावर जाळी. ही जाळी लावल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही. लहान पोराचं बोट आत जायला क्षणही लागत नाही. सगळे सांधे सिलिकॉनने किंवा एमसीलने बुजवा.

पहिल्यांदा चालवताना फिरकीच्या रेषेत उभं राहू नका, दांड्याच्या बाजूला उभं राहा आणि दहा मिनिटं चालू द्या. मग स्क्रू पुन्हा आवळा आणि नळी लावून दाब पाहा. काम नीट झालं असेल तर 25 ते 30 मिलिमीटर मिळतात.

हीच फिरकी, थोडी लहान करून, सायकलच्या चाकावरही चालते. 28 इंची सायकलचं चाक चौकटीत उभं बसवा, त्याला हँडल लावा, टायर काढून रिममध्ये शिलाई मशीनचा चामडी पट्टा घाला. एक पट्टा आखूड पडतो, दोन जोडावे लागतात. फिरकीच्या दांड्यावर 25 मिलिमीटरची पुली. चाकाच्या एका फेऱ्याला फिरकी 24-25 फेरे घेते. मिनिटाला साठ फेरे म्हणजे 1400-1500चा वेग, कूलरच्या मोटरीएवढाच. यासाठी फिरकीचा दांडा दोन बॉल बेअरिंगांत हवा, लाकडी भोकात नाही.

भट्टीला जोडणी

भट्टीची कूस, म्हणजे कोळसा ठेवायचं भांडं, म्हणून जीप-ट्रकचा ब्रेक ड्रम किंवा जाड घमेलं चालतं. आतून मातीचा लेप द्यायचा तो आपल्या काळ्या मातीचा नको. कपाशीची काळी माती वाळली की भेगाळते आणि आगीत पापुद्रे धरून गळते. गढीची पांढरी माती किंवा कुंभाराची माती घ्या, तीत राख, वाळू आणि बारीक गव्हांडा मळून दोन इंच लेप द्या आणि सावलीत वाळवा.

आगीत जाणारा पाइप काळा, दीड इंची. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप आगीजवळ वापरू नये, जस्ताचा धूर आजारी पाडतो. पाइपाचं आगीतलं तोंड 20 ते 25 मिलिमीटरपर्यंत अरुंद करा. पाइप बाजूने आणला तर लाकडी कोळशाला उत्तम. खालून आणला तर टी जोडून एक तोंड राखेसाठी खाली ठेवा आणि त्याला वजन लावलेली झडप करा. ब्लोअर भट्टीपासून किमान एक मीटर दूर आणि पाइपाच्या पातळीच्या थोडा वर. पीव्हीसी पाइप फक्त ब्लोअरकडच्या टोकाला, आगीकडच्या अर्ध्या मीटरात नाही.

वारा कमी-जास्त करायला पाइपात सरकती पत्र्याची झडप बसवा. कूलरच्या मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर लावण्यापेक्षा हे बरं. कवचीच्या ब्लोअरचं तोंड आवळलं तर मोटरीवरचा भार उलट हलका होतो, कारण ती कमी हवा ढकलते. व्हॅक्युम क्लिनर आणि गॅरेजवाल्यांच्या हातातल्या ब्लोअरची गोष्ट वेगळी. त्यांची मोटर त्याच वाहत्या हवेवर थंड राहते, म्हणून तिथे फाटा काढूनच वारा सोडायचा.

मोटरीच्या बॉडीला अर्थिंग हवंच. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर आणखी चांगलं. घामेजल्या हाताने, ओल्या जमिनीवर, लोखंड धरून आपण उभे असतो.

पेटवणं आणि वारा धरणं

भट्टी उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या शेडखाली मांडा. बंद खोलीत कोळशाचा वायू वासाशिवाय जीव घेतो. कापूस साठवलेली खोली, पऱ्हाटीचा ढीग, कडब्याची गंजी यांच्या आसपास तर नाहीच. ब्लोअरच्या भट्टीची ठिणगी फार दूर जाते. उन्हाळ्यात पहाटे काम उरका, आणि मोटर उन्हात ठेवू नका.

काडी-कपट्यावर कोळसा पेटवा, झडप पाव भाग उघडा. कोळसा पांढरट लाल झाला की वरून नवा थर द्या. लोखंडाखाली चार इंच आणि लोखंडावर दोन-तीन इंच कोळसा हवा. लोखंड पाइपाच्या तोंडासमोर थेट धरू नका. तिथे न जळलेली हवा असते, ती लोखंड खाते आणि वर कीट चढवते. आगीचा पोटातला पिवळा भाग शोधून तिथे ठेवा. पास किंवा विळा ठोकायला नारिंगी-पिवळा रंग, साधारण हजार अंश. पांढरट होऊन फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडाल्या की पोलाद जळालं, ते टोक कापूनच टाकावं लागतं. अशा वेळी वारा जास्त झालेला असतो. पाणी द्यायच्या वेळी झडप जवळजवळ बंद करून हळू तापवा. साधारण 770 अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याहून किंचित वर नेऊन बुडवायचं. कमानपाट्याचा विळा असेल तर पाण्याऐवजी तेलात, पाण्यात तो तडकू शकतो.

दगडी कोळसा वापरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वणी-चंद्रपूरकडचा कोळसा धुरकट, त्यातून जळाऊ वायू बराच निघतो. ताज्या कोळशाची भर घालून ब्लोअर एकदम बंद केला तर तो वायू पाइपात मागे शिरतो, आणि पुन्हा सुरू करताच ब्लोअरच्या कवचीत धाडकन पेटतो. जुन्या भात्यांची चामडी अशीच फाटायची. म्हणून ब्लोअर थांबवण्याआधी खालची राखेची झडप उघडी करा. वीज अचानक गेली तर आधी ती झडप उघडा, मग पुढचं. पाइप ब्लोअरकडे चढता ठेवला असेल तर हा वायू वरच चढेल, म्हणून दगडी कोळशाच्या भट्टीत ब्लोअरच्या तोंडाशी एक सैल पत्र्याची पडदी टांगा, वारा थांबला की ती आपोआप मिटते.

काम संपलं की कोळसा पसरवा, वारा थांबवा, पाइप हाताला गार लागेपर्यंत जागेवरून हलू नका. दर आठवड्याला जाळीवरची धूळ झटका, महिन्याकाठी बुशात दोन थेंब मशीनचं तेल. मृगाआधीच्या कामाची गर्दी सरली आणि पावसाची झड लागली की ब्लोअर काढून घरात घ्या, कवची उघडून फिरकीवरची राख पुसा आणि पत्र्याला तेलाचा हात फिरवून गोणपाटात गुंडाळून उंचावर ठेवा. राखेने ओल धरली की पत्रा एका पावसाळ्यात भोकं पडेपर्यंत गंजतो.